फोटोत झकास दिसणाऱ्या हॉलमध्ये कुणी बसत का नाही? (फरशी, भिंती, पडदे, दिवे वगैरे)

पागोळी:
इंटिरियरवर इथे आधी बरेच धागे येऊन गेलेत, पण सगळे तिसऱ्या प्रतिसादात ट्रॉलीचा रेट आणि प्लायचा ब्रँड यावर घसरतात म्हणून हा वेगळा काढतेय. कृपया इथे रेट नकोत.

तर विषय असा. ठाण्यात नवीन टू बीएचके, दहावा मजला. बिल्डरने ग्लॉसी आयव्हरी टाइल्स दिल्यात, मोठ्या, ८०० बाय ८०० वाल्या. भिंती पांढऱ्या, वर पीओपी करून आत लपवलेले लाइट, काचेचं सेंटर टेबल, टीव्हीमागे चकचकीत लॅमिनेटचं पॅनल. पडदे लावलेच नाहीत, ब्लाइंड्स आहेत. वास्तुशांतीला आलेले सगळे म्हणाले एकदम हॉटेलसारखं वाटतंय हो, आणि फोटो खरंच भारी येतात. पण या हॉलमध्ये कुणी टेकत नाही. जेवणं झाली की जो तो आपापल्या खोलीत. सासूबाईंना सिरियलमधलं बोलणं कळत नाही म्हणून त्या आवाज वाढवतात आणि वाढवला की नुसता कलकलाट होतो. पाहुणे आले आणि सगळे एकदम बोलायला लागले की मला तर थोड्या वेळात उठून गॅलरीत जावंसं वाटतं.

याउलट साताऱ्याचं सासरचं जुनं घर. शहाबादी फरशी, तीपण सगळीकडे एका पातळीत नाही, भिंतींना पोपडे, माजघरात दिवसासुद्धा लाइट लावावा लागतो. तिथे दुपारी जेवलं की माणसं जमिनीवरच आडवी होतात ती चहापर्यंत उठत नाहीत. नवरा म्हणतो सुट्टीत गेल्यावर कुठेही बरंच वाटतं, उगाच फरशीला क्रेडिट देऊ नकोस. मला नाही पटत. काहीतरी त्या वस्तूंमध्येच असणार ना? जाणकारांनी लिहा, आणि अनुभवपण लिहा.

कोबाप्रेमी:
शहाबादीला तोड नाही. बाकी चालू द्या.

मुकादम:
ताई, तुमचे मिस्टर निम्मे बरोबर आहेत. निम्मं मी सांगतो, माझं आयुष्य साइटवरच गेलंय.

शहाबाद म्हणजे कर्नाटकातलं कलबुर्गी जिल्ह्यातलं गाव, तिथला चुनखडीचा दगड. खाणीतच तो थरांनी निघतो त्यामुळे आयत्या लाद्या मिळतात. राजस्थानचा कोटा, आंध्रचा काळा कडप्पा, सगळी चुनखडीच. म्हणून तर संडासात अ‍ॅसिड टाकलं की शहाबादी फसफसते आणि कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू राहिलं की पांढरा डाग पडतो तो जात नाही. ग्रॅनाइटला लिंबाने काही होत नाही, ती जात वेगळी.

आता पायाला काय लागतं ते बघा. जुनी फरशी हाताने टाकीने घडवलेली असायची, पृष्ठभाग बारीक खडबडीत. तळव्याचा थोडाच भाग तिला टेकतो. तुमची ग्लॉसी टाइल आरशासारखी सपाट, पूर्ण तळवा चिकटतो. दुसरं म्हणजे शहाबादी थोडं पाणी पिते. तुमची टाइल विट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली, ती अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते, तसा तिचा नियमच आहे. म्हणजे पाय ओला असला, घाम असला तर ते पाणी वरच राहणार. जुलैमध्ये चालताना चटक चटक आवाज येतो की नाही? तो त्याचाच. टाइल वाईट नाही, डाग पडत नाही, पुसायला सोपी, माणसं त्यासाठीच घेतात. पण अनवाणी चालणाऱ्या माणसाचा विचार त्यात कुणी केलेला नाही.

तारसप्तक:
पायाचं मुकादमसाहेबांनी सांगितलं, कानाचं मी सांगतो कारण पागोळीताईंचा खरा प्रॉब्लेम तोच आहे. वर्णन वाचताना प्रत्येक वस्तूला मी मनात फुली मारत होतो. टाइल, काच, लॅमिनेट, पीओपी, ब्लाइंड्स, रंगवलेली भिंत. आवाज गिळणारी एकपण वस्तू नाही.

हे मोजता येतं आणि मोजण्याची गोष्ट मजेदार आहे. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्डमध्ये फॉग म्युझियमचा नवीन लेक्चर हॉल बांधला आणि त्यात प्राध्यापकांचं बोलणं कुणाला कळेना. एक शब्द उच्चारला की साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर वक्ता पुढचं वाक्य बोलून मोकळा. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला म्हणाले बघ काही करता येतं का. तो रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनचा एक पाइप वाजवून आवाज किती वेळ टिकतो ते स्टॉपवॉचने मोजायचा, अजून गाद्या आणायचा, परत मोजायचा, आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या जागच्या जागी. यातूनच आवाज किती सेकंद घुमेल याचं सूत्र निघालं. खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीत एकूण किती शोषण आहे ते, सगळं मीटरमध्ये. १९०० साली उघडलेला बॉस्टन सिम्फनी हॉल याच गणितावर बांधलाय.

आता तुमचा हॉल घेऊ. १६ बाय १० फूट आणि उंची साडेनऊ धरतो, म्हणजे साधारण ४३ घनमीटर. जमीन, छत, भिंती मिळून ७६ चौरस मीटर. टाइल आणि प्लास्टर आवाजाचा जेमतेम दोन टक्के भाग शोषतात, म्हणजे अख्ख्या खोलीचं शोषण दीड चौरस मीटर. हिशोब साडेचार सेकंदांच्या वर जातो! दोन चौरस मीटरची खिडकी उघडी ठेवली, उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, तर दोन सेकंदांवर. त्यात जाड घोळदार पडदे सहा चौरस मीटर, जमिनीवर मोठी सतरंजी किंवा गालिचा, आणि कापडी सोफा आला की पाऊण सेकंदाच्या खाली. हॉल तोच, भिंती त्याच.

आणि टीव्हीचा आवाज वाढवून उपयोग का होत नाही, कारण तुम्ही बोलणं वाढवता तेव्हा घुमणंही तितकंच वाढतं. पाहुण्यांचं तेच. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे लिहून ठेवलंय. मग एकजण चढवतो म्हणून दुसरा चढवतो. तुमचे पाहुणे काही भांडखोर नाहीत, खोली त्यांना ओरडायला लावतेय.

आज एक करा. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, मग कपड्यांच्या कपाटाची दारं सताड उघडून तिथे वाजवा. फरक लगेच कळेल.

पागोळी:
वाजवली! हॉलमध्ये टण्ण करून येतं आणि मागे एक बारीक झणझण राहते. बेडरूममध्ये कपाटासमोर नुसतं ठप. मुलगा आता दिवसभर प्रत्येक खोलीत जाऊन टाळ्या वाजवतोय, याचं श्रेय तुम्हाला.

झुंजूमुंजू:
वाचतेय. फारच मस्त धागा.

दोन_खोल्या:
आमच्या चाळीतल्या खोलीत घुमायचा प्रश्नच नव्हता कारण रिकामी भिंत असली तर घुमेल ना. एका बाजूला फडताळ, त्यावर ट्रंका, ट्रंकांवर गाद्यांची वळकटी, वर फळीवर डबे, दोरीवर कपडे, खुंट्यांना छत्र्या आणि पिशव्या. लाकडी जिना, लाकडी कठडा, वरच्या मजल्यावर कुणी चाललं की तुळयांमधून कळायचं कोण चाललंय ते, पावलावरून माणूस ओळखू यायचा. गाद्या घातल्या की बेडरूम, उचलल्या की हॉल, मधे दोरीवर जुनं लुगडं टाकलं की वहिनीची खोली. त्या लुगड्याने काय काय सांभाळलंय ते आता सांगत नाही.

पण एक विचारायचं होतं तारसप्तकजी, पडदा एवढा आवाज खातो तर त्या लुगड्यापलीकडचं सगळं ऐकू कसं यायचं?

तारसप्तक:
हाहा, लाखमोलाचा प्रश्न. शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं. पडदा खोलीतलं घुमणं कमी करतो पण पलीकडे जाणारा आवाज अडवत नाही, त्याला वजन लागतं. वीट, दगड, जाड भिंत. शेजाऱ्यांचं भांडण ऐकू येतं म्हणून भिंतीला फोमचे तुकडे चिकटवणारे खूप बघितलेत, पैसे पाण्यात. भांडण तसंच ऐकू येतं, फक्त आपली खोली थोडी मऊ होते.

रानजाई:
आमचं घर राजापूरकडे. जांभ्याच्या चिऱ्याचं, हातभर जाड भिंती, वर मंगलोरी कौलं. (ही कौलं मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला तिथून सगळीकडे पसरली.) माजघराला खिडकी नाही पण छपरात एक काचेचं कौल. त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडतो, सकाळी पाटावरवंट्यापाशी असतो, जेवायच्या वेळेला मधल्या खांबाला टेकतो आणि दुपारी कोठीच्या दारावर चढतो. आजी घड्याळ बघायची नाही, उन्ह खांबाला लागलं, पानं घ्या, एवढंच. त्या उजेडात पडवीतून आत आलं की आधी काही दिसत नाही, मग हळूहळू पितळेचे डबे दिसायला लागतात.

आणि जमीन सारवलेली. तिचा पायाला लागणारा स्पर्श मला कुठल्याच फरशीत सापडलेला नाही. कोरडी, ना गार ना गरम, किंचित दबल्यासारखी. नवीन जमीन करायची तर माती पसरून पाणी शिंपडून चोपण्याने चोपायची, दिवसभर चोपत बसायचं, मग शेणाचा हात. शेणातला चोथा मातीला धरून ठेवतो म्हणून तडे कमी जातात आणि धूळ उडत नाही. पुण्यात माझ्या घरात लाकडासारखी दिसणारी टाइल आहे. दिसायला लाकूड, पाय ठेवला की टाइल. ही फसवणूक मला रोज सकाळी लागते.

नीरजा२२:
रानजाई, छान लिहिलंयस पण मी जरा काडी टाकते. सारवायला कोण बसायचं? माझ्या आईच्या हातांना कायम भेगा असायच्या, पावसाळ्यात जमीन सुकायची नाही, ओल वर यायची, आणि सणाच्या आदल्या दिवशी सगळं घर ओणव्याने सारवायचं तेही नऊवारीचा काष्टा खोचून. घरात शहाबादी बसवली त्या दिवशी आईने काय म्हणावं, आता मी बसते. जुन्या घराच्या ऊबेच्या पोस्टी लिहिणाऱ्यांत सारवलेलं कुणी नसतं, आडवे झालेलेच असतात. दुपारी जमिनीवर लवंडणारी माणसं पागोळीने लिहिलीत, त्यावेळी भांडी कोण घासत होतं?

पागोळी:
मीच, आणखी कोण. मुद्दा मान्य. तरी भांडी झाल्यावर मीपण तिथेच आडवी होते, ठाण्यात होत नाही, तो प्रश्न उरतोच.

रानजाई:
नीरजाताई, शंभर टक्के. आजीने सारवलं, आईने सारवलं, मी फक्त पाय ठेवले.

ओळंबा:
आर्किटेक्ट आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खायची सवय आहे :)

गार लागण्याचं जरा सांगतो कारण यात गैरसमज खूप आहेत. रात्रभर बंद असलेल्या खोलीत टाइल, सतरंजी आणि लाकडी पाट यांचं तापमान थर्मामीटरने बघितलं तर सारखंच निघतं. आपल्या पायाला तापमान कळतच नाही, पायातून उष्णता किती वेगाने जातेय तेवढं कळतं. दगड आणि टाइल लाकडाच्या दहापट किंवा त्याहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतात म्हणून गार लागतात. हेच उन्हात उलटं होतं, दुपारी गच्चीवरच्या फरशीवर पाय ठेवून बघा. म्हणजे नागपूरला एप्रिलमध्ये जी फरशी देवासारखी वाटते तीच सासूबाईंना ठाण्यात एसीत मोजे घालायला लावते. मटेरियल एकच, पण हवा, मजला, वय बदललं की अनुभव वेगळा. साताऱ्याची फरशी थेट जमिनीवर आहे, खालची माती वर्षभर फार तापत नाही, निवतही नाही. दहाव्या मजल्यावर खाली कुणाचं तरी पीओपी आहे.

दुसरं छताचं. शेवटच्या मजल्यावर राहणारे म्हणतात एसी २४ वर ठेवला तरी डोकं तापतं. हवा गार झालेली असते पण दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी आणि रात्री खाली उष्णता फेकत असतो, ती हवेतून नाही तर थेट अंगावर येते. यावर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे, चायना मोझॅक. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी, जन्म १९२७ चा पुण्यातला, २०१८ ला आमच्या क्षेत्रातलं मोठं प्रित्झकर पारितोषिक मिळालं, त्यांनी अहमदाबादला स्वतःच्या ऑफिसच्या, संगथच्या, अर्धगोल छपरांवर हेच तुकडे लावले आणि खोल्या थोड्या जमिनीत उतरवल्या. बाहेर अहमदाबादचं ऊन आणि आत निवांत. वापरलेलं सामान तेच, जे आपला गवंडी गच्चीवर उरलेल्या टाइल्स फोडून लावतो.

आमच्या धंद्यावरपण बोलतो. क्लायंटला आम्ही स्क्रीनवर थ्रीडी दाखवतो. त्यात आवाज नसतो, वास नसतो, पायाला काही लागत नाही. क्लायंट चित्राला सही करतो, मग आम्ही चित्र बांधून देतो. सॅम्पल बघायलासुद्धा माणसं उभ्या उभ्या बूट घालून येतात आणि बोटाने टाइल दाबून बघतात. मी आता सांगतो की चप्पल काढा, दोन टाइल खाली ठेवा, उभं राहा, ओल्या पायाने परत उभं राहा. बरेच जण हसतात. पण ग्लॉसीवरून मॅटवर येणारे यातूनच येतात.

कोबाप्रेमी:
सगळे शहाबादी, टाइल करताय, आयडीवरून तरी कुणी विचारेल म्हणून थांबलो होतो. कोबा म्हणजे सिमेंटची घोटलेली जमीन, त्यात लाल ऑक्साइड घालून घोटत बसणारे कारागीर असायचे. सांधा नाही, ऐने महालासारखी चमक नाही, वर्षानुवर्षं वावरून गुळगुळीत. आता करून द्या म्हटलं तर कंत्राटदार म्हणतो साहेब तडे जातील, लेखी द्या.

मुकादम:
तडे जातातच. मोठ्या पॅनलमध्ये केला की जाणार, म्हणून काचेच्या पट्ट्या टाकून चौकोन पाडायचे. पण त्याला पाणी मारायला, घोटायला दिवस द्यायला लागतात आणि आता कुणाकडे दिवस नाहीत. टाइल आज लावली की परवा सामान आत.

गौरीहर:
मोझॅकवाल्यांची बाजू कुणीच मांडली नाही! सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्यांमध्ये घरोघरी तेच. दहा इंची चौकोन, सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे. लहानपणी तापात पडलेलं असताना त्या ठिपक्यांमध्ये मला एक दाढीवाला माणूस, एक बदक आणि महाराष्ट्राचा नकाशा दिसायचा, पलंगाच्या पायाजवळच्या टाइलमध्ये. टाचणी पडली की मात्र गेली, पायाला टोचेपर्यंत सापडत नाही. सांडलेला साबुदाणा तर आठवडाभर निघायचा. पण मळ दिसायचा नाही, आणि दिवसातून दोनदा पुसायची गरज वाटायची नाही. पांढरी ग्लॉसी आल्यापासून एक केस पडलेला दिसतो आणि बाईला परत हाक मारली जाते.

जुन्या मुंबईतल्या नक्षीच्या सिमेंट टाइल्स वेगळ्या बरं का, त्या भाजलेल्या नसतात. साच्यात रंगीत सिमेंट आणि संगमरवराची पूड ओतून प्रेसखाली दाबायची आणि मग पाण्यात मुरवायची. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो म्हणून पिढ्यांनी घासली तरी नक्षी पुसत नाही. भारत टाइल्स ही कंपनी १९२२ मध्ये स्वदेशीच्या काळात याच कामासाठी निघाली. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात तर वस्तू नंतर बघा, आधी खाली बघा, विलायतेहून आणलेल्या मिंटन कंपनीच्या टाइल्स आहेत. १८७२ ची इमारत. तिथे माणसं आपोआप हळू चालतात आणि हळू बोलतात, शू म्हणायला पहारेकरी लागत नाही.

मिशिगनचा_मामा:
इकडची बाजू. इथे घर म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर जिप्समचे बोर्ड, बेडरूमभर गालिचा. शांतता एवढी की सुरुवातीला मला कान बंद झाल्यासारखे वाटायचे. पुण्यात आलो की कुकरची शिट्टी अंगावर येते, सकाळी भांड्यांचा आवाज तर विचारू नका, आणि बायको म्हणते हेच तर घर वाटतं. गालिच्यावर हळद सांडली की मात्र घटस्फोटाची वेळ. भिंतीवर खिळा ठोकायचा तर आधी ठोकून ठोकून आतलं लाकूड शोधा, ते १६ इंचांवर एक असतं, नाहीतर फोटो भिंतीसकट खाली. आईला ते फार खटकलं. म्हणाली भिंतीवर हात मारला तर पोकळ वाजतं, अशा घरात झोप कशी लागते तुम्हाला.

म्हापसेकर:
गोव्यातल्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेच्या जागी शिंपले असायचे. चपटा, जवळजवळ पारदर्शक शिंपला, चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेला. काच महाग होती तेव्हा. त्यातून आत येणारा उजेड दुधाळ, सावलीला कडा नसते, भर दुपारीसुद्धा डोळे बारीक करावे लागत नाहीत. बाहेरचं काही दिसत नाही, फक्त कुणी अंगणातून गेलं तर एक आकार सरकतो. आता तो शिंपला वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि दुरुस्ती करणारी माणसंही हाताच्या बोटांवर. आमच्याकडे तुटलेल्या ठिकाणी प्लॅस्टिकचा पत्रा लावलाय. लांबून कळत नाही. आतून कळतं, तो उजेड नुसताच फिका आहे.

पागोळी:
उजेडाचं बरं काढलंत. आमच्या कोव्ह लाइटमध्ये (पीओपीत लपवलेले तेच) सगळं सारखं उजळ दिसतं, सावलीच पडत नाही कुठे.

ओळंबा:
त्यामुळेच कुठे बसावं ते कळत नाही. पांढरी भिंत पडलेल्या उजेडाचा ८० टक्के भाग परत फेकते, तुमच्या सगळ्याच भिंती तशा, वर दिवे ६५०० केल्विनचे निळसर पांढरे असणार. २७०० ते ३००० वाला पिवळसर एक दिवा सोफ्याच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला ठेवा आणि वरचे बंद करा. माणसं उजेडाच्या कडेला जमतात, हे प्रत्येक घरात बघतो.

नीरजा२२:
आणि पिवळ्या दिव्यात तांदूळ कोण निवडणार? सुईत दोरा? आर्किटेक्ट लोकांच्या घरात कायम संध्याकाळच असते. साठीच्या पुढे डोळ्यांना उजेड जास्त लागतो हो.

ओळंबा:
लागतो, म्हणून दोन्ही बटणं वेगळी ठेवा म्हणतोय. ट्यूब काढायला सांगितली नाही.

दगडफूल:
हे सगळं ठीक, पण विट्रिफाइडमुळे गुडघे दुखतात त्याचं काय? आमच्या शेजारच्या काकूंनी टाइल बसवल्यापासून त्यांचे गुडघे गेले.

अस्थिपंजर:
फिजिओथेरपिस्ट आहे, हे रोज ऐकते. पायाच्या मानाने शहाबादी, कोबा, टाइल सगळं सारखंच कडक, त्या कडकपणातला फरक गुडघ्याला कळत नाही. टाइल बसवली तेव्हा काकूंचं वयही वाढलेलं असतं. घरात मऊ सोलची चप्पल घाला, ओट्यापाशी फार वेळ उभं राहत असाल तर जाड मॅट टाका. मला खरी भीती घसरण्याची वाटते. ओली ग्लॉसी टाइल आणि सत्तरीचं माणूस, खुब्याच्या फ्रॅक्चरच्या केसेस अशाच येतात. बाथरूममध्ये मॅट टाइल आणि धरायला दांडी, यावर वाद नको.

पागोळी:
अपडेट देते. टाइल उखडणं शक्य नाही, हप्ते चालू आहेत. ब्लाइंड्स काढून जाड पडदे शिवले, शिंपी म्हणाला एवढं कापड कशाला, खिडकीच्या दुप्पट घोळ लागतो म्हणून मीच हट्ट धरला. काचेचं टेबल दिराला दिलं. बेडरूममधलं पुस्तकांचं कपाट हॉलमध्ये टीव्हीसमोरच्या भिंतीला आणलं. साताऱ्याहून दोन मोठ्या सतरंज्या आणल्या, लग्नात पंगतीला घालतात त्या. पुस्तकं आणि सतरंजी हॉटेलच्या लुकमध्ये बसत नाहीत असं नवऱ्याचं मत आहे, पण काल मॅच त्याने सतरंजीवर लोडाला टेकून बघितली. सासूबाईंनी आपणहून टीव्हीचा आवाज कमी केला. मी मात्र अजून वैतागलेय कारण धूळ दुप्पट झालीय आणि पडदे धुवायला काढायचे म्हणजे शिडी. तारसप्तकजी, भिंतीवर सोलापुरी चादर टांगली तर अजून फरक पडेल का?

तारसप्तक:
पातळ चादर भिंतीला चिकटवून लावली तर फार नाही. भिंतीपासून चार बोटं पुढे दांडी लावून सोडली तर पडेल, मागच्या हवेचा उपयोग होतो. गोधडी असेल तर आणखी बरं. ढोलताशाचा घुमारा याने जाणार नाही, खालच्या पट्टीचा आवाज कापडाला दाद देत नाही. बोलण्यातला कर्कशपणा जाईल.

नीरजा२२:
धूळ कोण झटकणार हे आधी ठरवा आणि मग टांगा.

मुकादम:
ताई, चादरीचं नंतर बघा. सतरंजी ग्लॉसीवर सरकते, तिच्याखाली रबरी जाळीचा मॅट टाकलाय का? नसेल तर आजच टाका आणि कडा दुमडू देऊ नका, सासूबाई रात्री पाण्याला उठत असतील. जाळी सतरंजीपेक्षा चारी बाजूंनी दोन इंच आत कापायची, नाहीतर कडेने दिसते आणि केर अडकतो.